‘पहिल्या पानाची हमी’ देणाऱ्यांना काय विचारावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पुण्यात कोथरूडमध्ये तुमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, दोन वर्षांपूर्वी वेबसाइट केली, दिवाळीत परदेशी पार्सलं जातात. एका एजन्सीने पॅकेज दिलंय: महिन्याला २००० शब्दांचे १२ ब्लॉग, १०० बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक), ६ महिन्यांत डीए ३० पर्यंत, एलएसआय कीवर्ड, एफएक्यू स्कीमा (या शब्दांचे अर्थ पुढे येतीलच) आणि वर गूगलच्या पहिल्या पानाची हमी. यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण वेगळंच सांगतो. यातलं खरं काय आणि पैसे घालावेत का?

या पॅकेजमध्ये घालू नका. मी पुण्यात बरीच वर्षं हेच एसईओचं, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचं, काम करते आहे आणि त्याने छोट्या व्यवसायांचं भलं झालेलं पाहिलंय, त्यामुळे हे क्षेत्रच खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. पण या क्षेत्रात चुकीचा सल्ला फार काळ जगतो, कारण तो चुकीचा ठरला तरी सल्ला देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही. आज केलेल्या कामाचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो. तोवर निकालांचा क्रम लावण्याच्या पद्धतीत गूगलने दोन अपडेट आणलेले असतात, शेजारच्या स्पर्धकाने नवी साइट केलेली असते आणि मधे एखादा सण येऊन गेलेला असतो. आकडा वाढला तर श्रेय एजन्सीचं, पडला तर दोष अपडेटचा.

हमीचं आधी मिटवू. एसईओवाला नेमताना काय बघावं यावर गूगलने स्वतः एक पान लिहिलंय. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. केलेल्या सुधारणांचा फायदा दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही त्यातच आहे. तरीही हमी देणारे देतात, कारण कोणत्या शोधासाठी हे ते सांगत नाहीत. तुमच्या ब्रँडचं नाव आणि पुढे ‘कोथरूड’ एवढं टाइप केलं की तुम्ही आजही पहिल्या पानावर असाल. ‘दिवाळी फराळ ऑनलाइन’ या शोधावर पहिलं पान वेगळं आणि ‘अमुक ताईंचा फराळ कोथरूड’ या शोधावरचं वेगळं. करारात शोधाचे शब्द लिहून मागा, म्हणजे हमीची किंमत तुम्हालाच कळेल.

आता त्यांनी दाखवलेला रिपोर्ट. दुसऱ्या एका फराळवाल्या ग्राहकाचं ट्रॅफिक ऑक्टोबर २०२३ च्या तुलनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये दुपटीवर गेलं, असा तो आलेख आहे. लोक कोणत्या शोधातून साइटवर आले हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनातला असल्यामुळे तो खोटा नसावा. पण तुम्ही फराळाच्या धंद्यात आहात, तेव्हा कॅलेंडर काढून बसा. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होतं. लक्ष्मीपूजनाच्या आधीचे १४ दिवस हा पुण्यातल्या ऑर्डरींचा मुख्य काळ धरला, तर २०२३ मध्ये तो २९ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर असा पडतो, म्हणजे बहुतेक नोव्हेंबरात. २०२४ मध्ये तोच काळ १८ ते ३१ ऑक्टोबर, म्हणजे सगळाच्या सगळा ऑक्टोबरात. साइटवर एक अक्षरही बदललं नसतं तरी ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना चढतीच दिसली असती. नोव्हेंबरची तुलना त्यांनी का दाखवली नाही, हे आता लक्षात येईल.

हे उलटंही होतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून ते ८ नोव्हेंबरला. या दोन ऑक्टोबरांची तुलना केली तर उत्तम काम करणारी एजन्सीही नापास दिसेल, आणि तेव्हा तिला काढून टाकणं अन्यायाचं होईल. फराळ, गौरी-गणपतीचं साहित्य, मंगल कार्यालय, उपवासाचे पदार्थ अशा ज्या-ज्या धंद्याचं घड्याळ पंचांगावर चालतं, तिथे इंग्रजी महिन्यांची तुलना बाद समजा. लक्ष्मीपूजनापासून मागे आठवडे मोजा: आठ आठवडे आधी, सात आठवडे आधी, असं. परदेशी पार्सलांची मागणी पुण्याच्या मागणीपेक्षा बरीच लवकर सुरू होते, तेव्हा ते आकडे देशानुसार वेगळे काढा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा डेटा ठेवतो. यंदाची दिवाळी झाली की लगेच सगळं उतरवून घ्या, नाहीतर तीन दिवाळ्या शेजारी-शेजारी ठेवून बघण्याची सोय कायमची जाते. हे काम फुकट आहे, तासाभरात होतं, आणि मला भेटलेल्या फराळ-मिठाईवाल्यांपैकी फार थोड्यांनी ते केलेलं असतं.

त्याच डेटात आणखी एक गाळणी लावा. ज्या शोधांत तुमच्या ब्रँडचं नाव आहे ते बाजूला काढा. ते लोक तुम्हाला आधीच ओळखतात: कोणाच्या तरी मावशीने सांगितलं, डब्यावरचं नाव वाचलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. तुमच्या चकलीने मिळवलेलं हे ट्रॅफिक रिपोर्टात एसईओच्या खात्यावर जमा झालेलं असतं. नाव काढून जे उरतं ते बघा. शिवाय गूगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून फराळाच्या शोधांचा आलेख बघा. सगळ्या बाजाराचीच मागणी वाढली असेल तर तुमची वाढ त्याच्या पुढे गेली की मागे राहिली, एवढाच प्रश्न उरतो.

पॅकेजमधल्या एकेका गोष्टीकडे येते.

डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी. हा १ ते १०० चा आकडा मॉझ नावाची कंपनी काढते. गूगल तो वापरत नाही आणि मॉझही तसंच सांगते. दोन साइटची ढोबळ तुलना करायला तो बरा, पण कराराचं उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी, कारण स्वस्तातल्या लिंक ओतून तो फुगवता येतो. डीए ३० झाला आणि ऑर्डर तेवढ्याच राहिल्या, तरी एजन्सीने करार पूर्ण केलेला असेल.

लिंकचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात खरं आणि खोटं मिसळलेलं आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल उभं केलं ते पेजरँकवर, म्हणजे कोणती पानं कोणाकडे बोट दाखवतात याच्या हिशोबावर. लिंकला आजही किंमत आहे. पण एप्रिल २०१२ मधल्या पेंग्विन अपडेटपासून विकतच्या लिंकवर मोठी कारवाई सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेचाच भाग झाला. तेव्हापासून अशा लिंकचं बहुतेक वेळा एवढंच होतं की त्या मोजल्याच जात नाहीत. तुमची साइट बुडणार नाही कदाचित, पण महिन्याला १०० लिंकचे पैसे कुठेही पोहोचणार नाहीत. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘तुमच्या साइटला विषारी लिंक लागल्यात, त्या साफ करून देतो’ ही विक्री. लिंक नाकारण्याचं साधन गूगलने २०१२ मध्ये दिलं खरं, पण बहुतेक साइटना त्याची गरज नाही असं गूगलच सांगतं. तुमच्याकडून दरवर्षी फराळ मागवणाऱ्या परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाने आपल्या साइटवर तुमचा उल्लेख केला, तर ती एक लिंक मला त्या शंभरांपेक्षा मोलाची वाटते. ती वाचून माणसं खरोखर येतात.

एलएसआय कीवर्ड विसरा. लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग हे १९८० च्या दशकातलं, मर्यादित कागदपत्रांच्या संग्रहासाठी केलेलं तंत्र आहे; कोणते शब्द एकत्र येतात यावरून ते विषय ओळखतं. गूगलचे जॉन म्युलर यांनी २०१९ मध्ये एलएसआय कीवर्ड असं काही नसतंच, असं सरळ सांगून टाकलं. विषयाशी निगडित शब्द लिखाणात यावेत हे ठीकच आहे, पण चकलीवर लिहिताना भाजणी, मोहन, सोऱ्या, खुसखुशीत हे शब्द तुमच्या लेखणीतून आपोआप येतील. त्यासाठी यादी विकत घ्यायची गरज नाही.

एफएक्यू स्कीमा हे मुदत संपलेल्या सल्ल्याचं नमुनेदार उदाहरण आहे. पानावरची प्रश्नोत्तरं गूगलला ओळखता यावीत म्हणून कोडमध्ये घालायची ही खूण. एकेकाळी ती घातली की शोधनिकालात तुमच्या नावाखाली प्रश्नोत्तरं उघडायची आणि जागा जास्त मिळायची. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरती मर्यादित केली. सल्ला मात्र पॅकेजात तसाच राहिला. पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी लिहायच्या कीवर्ड मेटा टॅगचंही तेच: रँकिंगसाठी तो वापरत नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केलं, आणि मला अजूनही ऑडिटमध्ये ‘कीवर्ड टॅग नाही’ हा दोष लाल अक्षरात लिहिलेला दिसतो. म्हणून कोणताही सल्ला ऐकलात की आधी विचारा, हे कोणत्या साली खरं होतं?

२००० शब्दांच्या ब्लॉगबद्दल मला मनापासून चीड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा आकडा येतो कुठून? पहिल्या दहा निकालांतली हजारो पानं घ्यायची, त्यांचे शब्द, लिंक, वेग मोजायचे आणि सरासरी काढायची, असे अभ्यास दरवर्षी निघतात. वरच्या पानांत शब्द जास्त सापडले की ‘लांब लिहा’ हा सल्ला तयार होतो. मिठाईच्या दुकानापुढे रांग असते म्हणून मिठाई चांगली होत नाही. पण या अभ्यासांवरून निघणारा सल्ला म्हणजे रांगेत उभी राहायला माणसं भाड्याने आणा, असा असतो. ज्याच्याकडे सांगण्यासारखं बरंच आहे त्याचं पान लांब होतं, त्याला लोक लिंकही देतात, आणि ते वरही येतं. शब्दसंख्या वाढवून बाकीचं मागोमाग येत नाही. शब्दसंख्या हा रँकिंगचा निकष नाही, हे म्युलर यांनी अनेकदा सांगितलंय.

शिवाय तुमच्या ग्राहकाला बेसन लाडवाच्या पानावर दिवाळीचं पौराणिक महत्त्व नको असतं. त्याला भाव हवा, अर्धा किलोत साधारण किती लाडू बसतात ते हवं, साजूक तूप आहे की वनस्पती ते हवं, किती दिवस टिकतात, न्यू जर्सीला पोहोचायला किती दिवस लागतील, शेवटची ऑर्डर कधीपर्यंत घेणार, एवढं हवं. हे दीडशे शब्दांत मावतं. महिन्याला १२ ब्लॉग म्हणजे वर्षाला १४४. फराळावर इतकं लिहिण्यासारखं तुमच्याकडेही नाही, मग एजन्सीकडे कुठून असणार? ते एआयकडून काढलं जाईल. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नवे नियम आणले. रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात पानं पाडणं त्यात थेट निषिद्ध आहे, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. म्हणजे पॅकेजचा हा भाग निरुपयोगी तर आहेच, पण धोकादायकही आहे.

इथवर मी गूगलचाच हवाला देत आले, तेव्हा ‘म्हणजे गूगल म्हणेल ते खरं मानायचं का’, असं तुम्ही विचाराल. तसंही नाही. क्लिकचा थेट वापर रँकिंगसाठी होत नाही, असं गूगलची माणसं वर्षानुवर्षं सांगत होती. मग ऑक्टोबर २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात, गूगलचे उपाध्यक्ष पांडू नायक यांनी साक्ष दिली आणि नॅवबूस्ट या यंत्रणेबद्दल उघडपणे बोलले. ती यंत्रणा वापरकर्त्यांच्या गेल्या १३ महिन्यांच्या क्लिकांवरून शिकते. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. त्याआधी मे २०२४ मध्ये गूगलची अंतर्गत तांत्रिक कागदपत्रं बाहेर आली. त्यात सुमारे १४,००० गुणधर्मांची नावं होती आणि त्यातलं एक चक्क साइटच्या अथॉरिटीचं होतं. पण कोणत्या गुणधर्माला किती वजन, किंबहुना तो रँकिंगसाठी वापरला जातो की नाही, हे त्या कागदांत नाही. तेव्हा ‘लीकमध्ये सिद्ध झालंय’ असं म्हणून कोणी डीए किंवा विकतचे क्लिक गळ्यात मारायला आलं तर तेही तितकंच कच्चं आहे.

मी स्वतः गूगलच्या बोलण्याचे दोन भाग करते. पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत, कसं येतं, नोइंडेक्स (‘हे पान शोधात दाखवू नका’ ही सूचना) लावल्यावर काय होतं, रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर पाठवणं) कसा करावा, हे सगळं तुम्ही स्वतःच्या साइटवर काही दिवसांत तपासू शकता, आणि तिथे गूगलची कागदपत्रं भरवशाची निघतात. रँकिंग नक्की कशाने ठरतं, यावरची विधानं बाहेरून तपासता येत नाहीत. ती मी ऐकून ठेवते, त्यावर पैसे लावत नाही.

मराठी व्यवसायांसाठी आणखी एक अडचण आहे. बहुतेक सल्ला अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांवरून आलेला असतो. इथे एकच माणूस सकाळी देवनागरीत ‘भाजणीची चकली’ शोधतो आणि संध्याकाळी रोमन लिपीत, तीही वेगवेगळ्या स्पेलिंगने. कोणता शब्द किती शोधला जातो हे सांगणारं गूगलचं साधन, कीवर्ड प्लॅनर, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमका आकडा देत नाही, ‘१०० ते १०००’ असे पट्टे देतो, आणि मिळतेजुळते शब्द एकत्र करतो. बाकीची साधनं मराठी शोधापुढे सर्रास शून्य लिहितात. त्या शून्यावर विश्वास ठेवून एजन्सी तुमचं मराठी पान काढून टाकायला सांगेल, काढू नका. सर्च कन्सोल उघडा आणि लोक खरोखर काय टाइप करून आले ते बघा. फार कमी लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी तिथे लपवलेले असतात, त्यामुळे यादीची बेरीज एकूण क्लिकांशी जुळत नाही. डेटा खराब आहे असं समजू नका.

‘सर, तुम्ही एक नंबरला आहात’ म्हणून पाठवलेला स्क्रीनशॉटही तपासून घ्या. नकाशातल्या निकालांसाठी गूगल तीन गोष्टी सांगतं: शोधाशी संबंध, अंतर आणि प्रसिद्धी. अंतर त्यात असल्यामुळे कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापाशी उभं राहून शोधलं तर तुम्ही वर दिसाल आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खराडीतून शोधलं तर कदाचित दिसणारही नाही. दोन्ही निकाल खरे. शहराच्या चार टोकांना राहणाऱ्या नातेवाइकांना एकाच संध्याकाळी शोधायला सांगा. आणि नकाशात दिसणाऱ्या तुमच्या गूगल बिझनेस प्रोफाइलच्या नावात ‘बेस्ट फराळ पुणे कोथरूड’ घालायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. पाटीवर असेल तेच नाव लावायचं असा नियम आहे आणि तो मोडल्यास प्रोफाइल बंद होऊ शकतं. ग्राहक घरी येत नसतील तर पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र दाखवायचं, हाही नियमच आहे.

एआयमुळे सगळं बदललं, असंही तुम्हाला सांगतील. बरंच बदललंय हे खरं: एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर, भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आले, आणि माहितीपर शोधांत उत्तर वरच मिळाल्यावर खाली यायचं कारण उरत नाही. ‘चकली मऊ का पडते’ अशा ब्लॉगांवर पैसे न घालण्याचं हे आणखी एक कारण झालं. फराळ मागवायचा असेल तर मात्र माणसाला तुमच्या पानावर यावंच लागतं.

मग करायचं काय? स्वतःच्या साइटवर प्रयोग करून बघा असा सल्ला चांगला असतो, पण तुमच्या आकाराच्या साइटला तो अर्धाच लागू पडतो. आठवड्याला पाच-दहा क्लिक येणाऱ्या पानाचं शीर्षक बदलून पुढच्या आठवड्यात पंधरा क्लिक आले, तर त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी प्रत्येक सल्ल्याला एक प्रश्न लावते: हा चुकीचा निघाला तर माझं काय जाईल? शीर्षक बदललं आणि फरक पडला नाही तर परत करता येतं. उत्पादनाच्या पानावर टिकण्याचे दिवस, देशानुसार पार्सलचा खर्च, स्वतः काढलेले फोटो टाकले आणि गूगलने ढुंकूनही बघितलं नाही, तरी ग्राहकाचे फोन कमी होतील. १४४ ब्लॉग आणि १२०० लिंक फसल्या तर वर्ष गेलं, पैसे गेले आणि साफसफाईचं काम वाढलं.

या क्रमाने जा. सर्च कन्सोलमध्ये सगळी उत्पादनांची पानं इंडेक्स झालीत का ते बघा. साइट बनवताना लावलेलं नोइंडेक्स काढायचं राहून गेलेलं मी अनेकदा पाहिलंय, आणि ते असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. साइट स्वस्तातल्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडून बघा. मग वर सांगितलेली उत्पादनांची पानं नीट करा. ‘परदेशी फराळ’ हे स्वतंत्र पान करा, त्यात देश, दिवस, वजनाचे टप्पे आणि यंदाच्या शेवटच्या तारखा लिहा, आणि दरवर्षी त्याच पत्त्यावर तेच पान अद्ययावत करा. प्रत्येक दिवाळीला नवं पान काढू नका. हे सगळं दिवाळीच्या चार-पाच महिने आधी व्हायला हवं.

एवढं झाल्यावरही मदत लागली तर जरूर कोणाला तरी नेमा. त्याला विचारा की पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय बदलणार, का बदलणार, आणि ते चुकलं हे कशावरून ओळखायचं. या तिसऱ्या प्रश्नावर जो नीट विचार करून बोलतो त्याच्याशी पुढे बोला. आणि कोणाशीही करार करण्याआधी डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल या चारही गोष्टींची मालकी तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहे ना, हे आजच तपासा. एजन्सीला लागेल तेवढा प्रवेश देता येतो आणि काम संपल्यावर काढूनही घेता येतो.